गाठोड्यात नसलेलं

निपाणीत लेक आठव्या महिन्यात माहेरी आली की आई जुनी सुती लुगडी बाहेर काढते. धुऊन धुऊन मऊ झालेलीच निवडायची, नवं कापड बाळाला बोचतं. मी बसले होते त्या घरात आई दुपटी शिवत होती आणि लेक शेजारी विड्या वळत होती. पोटामुळं सूप मांडीवर ठरत नव्हतं. तिनं ते गुडघ्यांपर्यंत सरकवलं होतं. तेंदूचं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते, निकोटीन कातडीतूनही अंगात शिरतं. शेवटचे दोन-तीन महिने हे सूप बाजूला ठेवता येईल एवढी मजुरी या बायकांना काम न करताही मिळायला हवी. माझ्या मते बाळंतपणाची तयारी तिथून सुरू होते.

गाठोडं मात्र तयार होतं. झबली, टोपडी, लंगोट, बाळंतशेपा, डिंक, आळीव. बाळाचं होतं, बाळंतिणीच्या सव्वा महिन्याचं होतं. बाळ झाल्यावरच्या पहिल्या तासाचं तेवढं काही नव्हतं, आणि जीवघेणा रक्तस्राव सुरू होतो तो बहुतेक त्याच सुमाराला.

त्या तासाबद्दल आमच्याच, निपाणीच्या बेळगाव जिल्ह्यानं जगाला मोठी गोष्ट शिकवली आहे. २००२ ते २००५ या काळात केएलईच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी इथल्या खेड्यांत १६२० बाळंतिणींवर एक चाचणी घेतली. बाळ जन्मताच काहींना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, काहींना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या. देणाऱ्या होत्या गावच्या एएनएम सिस्टर. कमरेखाली प्लास्टिकचं कापड, त्याला खुणांची पिशवी. रक्त किती गेलं ते अंदाजानं न सांगता मोजायचं. औषध नसलेल्या गोळ्या घेतलेल्यांत अतिरक्तस्राव १२ टक्के होता, औषध घेतलेल्यांत ६.४ टक्के. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळण्यासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

पण अंगात मुळातच रक्त कमी असेल तर थोडा स्रावही भारी पडतो. आशाताईनं आल्या आल्या पोरीची खालची पापणी ओढून पाहिली.

"रक्तवाढीच्या गोळ्या खातीस न्हवं?"

"खातो की आक्का, पण मळमळतंय."

"कशासंगं?"

"चहासंगं."

"मग अंगाला काय लागणार? रात्री जेवून झाल्यावर पाण्यासंगं घे. कॅल्शियमची येगळ्या वक्ताला."

हिमोग्लोबिन नऊ होतं; अकराच्या वर हवं. अजून महिना हातात होता.

पुढचा प्रश्न सीमाभागातला. अडलंच तर जायचं कुठं? कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, पण दुसरं राज्य. बेळगाव आपल्या जिल्ह्याचं, पण जवळजवळ दुप्पट लांब. सासर कागलकडचं, त्यामुळं आधीच्या तपासण्यांचं कार्ड महाराष्ट्राचं. इथलं तायी कार्ड कन्नडमधलं. आशाताईनं दोन्ही एकाच पिशवीत घालायला लावली आणि वर मराठीत रक्तगट लिहिला. वेळ आली तर रक्त द्यायला नवऱ्याचा गट जुळत नव्हता. "जुळला न्हाई तरी चालतंय, रक्तपेढीत बदली देता येतंय," ती म्हणाली. मग गल्लीतल्या जीपवाल्याचा नंबर मागितला आणि तो लागतो का, हे तिथंच फोन करून पाहिलं.