चौकोन कलतो, त्रिकोण का नाही?

सुतार दाराची नवी चौकट पाठवताना कोपऱ्यावर तिरकी पट्टी ठोकून देतो. ती कशासाठी, हे सातवीच्या वर्गात काड्यापेटीच्या (गुल काढलेल्या!) काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी सांगतात. १९७२मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करताना अरविंद गुप्ता यांनी हा खेळ घडवला. नळीचे तुकडे म्हणजे सांधे. चार काड्यांचा चौकोन बोट लावताच कलतो, कारण बाजू तेवढ्याच राहून कोन मोकळे असतात. त्रिकोणाचा कोन बदलायचा तर समोरची काडीच लांबायला किंवा आखडायला हवी, आणि ती कसली ऐकते! फळ्यावर आकृती काढली तर वेळ वाचेल, हा आक्षेप रास्तच. पण फळ्यावरचा चौकोन ढकलून बघता येत नाही. कललेल्या चौकोनात पाचवी काडी समोरासमोरच्या सांध्यांत तिरकी बसवली की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि तो जागीच ताठरतो. सुताराची पट्टी तीच.