रॅमच्या पट्टीला ती खाच कशासाठी असते? जुन्या लॅपटॉपची रॅम वाढवण्याआधी हे वाचा!

जुना लॅपटॉप गोगलगायीसारखा चालायला लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो: रॅम वाढव! मग ऑनलाइन स्वस्तात मिळालेली पट्टी मागवली जाते, नाहीतर मित्राच्या बंद पडलेल्या लॅपटॉपमधली काढून आणली जाते. पट्टी स्लॉटमध्ये अगदी बरोबर बसते. बटण दाबलं, तर स्क्रीन काळीच! पट्टी चांगली, लॅपटॉपही चांगला, तरी दोघांचं जमत नाही. अशा वेळी बऱ्याचदा घोळ व्होल्टेजचा असतो.

कॉम्प्युटरमध्ये '१' म्हणजे किती व्होल्ट?

कॉम्प्युटरला फक्त ० आणि १ कळतं, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. पण तारेवरून ० किंवा १ जातो म्हणजे प्रत्यक्षात व्होल्टेज कमी-जास्त होतं. पूर्वी बहुतेक चिप्स ५ व्होल्टवर चालायच्या. पुढे चिप्स बारीक होत गेल्या, वीज आणि उष्णता वाचवायची गरज वाढली आणि ३.३ व्होल्टच्या चिप्स आल्या.

आता या दोघी एकाच तारेला जोडल्या तर? ५ व्होल्टवर चालणाऱ्या अनेक चिप्स २ व्होल्टच्या वर काहीही आलं की त्याला '१' समजतात. त्यामुळे ३.३ व्होल्टवाली बोलली तर तिला कळतं. उलट दिशेने मात्र पंचाईत होते. जी चिप ३.३ व्होल्टसाठीच बनली आहे, तिच्या पायावर थेट ५ व्होल्ट आले की नको त्या वाटेने करंट वाहतो, चिप तापते आणि कायमची जाऊ शकते.

सामायिक तार म्हणजे सगळ्यांना एकच नियम

इंटेलने १९९२ मध्ये 'पीसीआय' नावाची बस आणली. बस म्हणजे अनेक भागांनी मिळून वापरायच्या तारांचा जुडगा. साउंड कार्ड, मोडेम, नेटवर्क कार्ड अशी सगळी कार्डं याच तारांवरून बोलायची. म्हणजे एका कार्डाने तारेवर ५ व्होल्ट सोडले, की ते त्या बसवरच्या सगळ्यांपर्यंत पोहोचणार. म्हणूनच एक अख्खी बस एकतर ५ व्होल्टची, नाहीतर ३.३ व्होल्टची. अर्धी अशी, अर्धी तशी चालत नाही.

पण कार्ड बसवणाऱ्याला हे कळणार कसं? यावर इंजिनियर लोकांनी साधा प्लास्टिकचा उपाय काढला. स्लॉटमध्ये एक आडवा उंचवटा ठेवला आणि कार्डाला तिथेच खाच पाडली. ५ व्होल्टच्या स्लॉटचा उंचवटा एका टोकाला, ३.३ व्होल्टचा दुसऱ्या टोकाला. चुकीचं कार्ड आत जातच नाही! काही कार्डांना दोन्ही खाचा असायच्या. ही कार्डं स्लॉटमधल्या ठरावीक पिनांवर कोणतं व्होल्टेज येतंय, त्याप्रमाणे आपले सिग्नल जुळवून घ्यायची. पुढे पीसीआयच्या ३.० आवृत्तीत ५ व्होल्टला निरोपच दिला गेला.

आणि खाचच चुकीची असेल तर?

असंही झालंय. ग्राफिक्स कार्डासाठी 'एजीपी' नावाचा वेगळा स्लॉट होता. त्याची पहिली पिढी ३.३ व्होल्टची, पुढची १.५ व्होल्टची. इंटेलच्या ८४५ आणि ८५० या चिपसेटच्या मदरबोर्डना फक्त १.५ व्होल्ट चालायचे. पण काही जुन्या ३.३ व्होल्टच्या कार्डांना १.५ व्होल्टवालीही खाच पाडलेली होती. कार्ड आरामात आत गेलं आणि मदरबोर्ड जळाला, असे प्रकार त्या काळात घडले.

आता येऊ रॅमकडे

रॅमचं व्होल्टेजही दर पिढीला उतरत गेलंय. डीडीआरला २.५ व्होल्ट, डीडीआर२ ला १.८, डीडीआर३ ला १.५, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला १.१. प्रत्येक पिढीत खाचेची जागा थोडी सरकवलेली आहे. डीडीआर४ ची पट्टी डीडीआर३ च्या स्लॉटमध्ये बसत नाही, ती याचमुळे.

पण २०१० मध्ये 'डीडीआर३एल' आली. तिला १.३५ व्होल्ट पुरतात, आणि खाच मात्र डीडीआर३ च्याच जागी! कारण ही पट्टी १.५ व्होल्टवरही चालेल अशीच बनवली आहे. उलट मात्र होत नाही. साध्या डीडीआर३ ला १.५ व्होल्ट लागतातच.

यातून तीन शक्यता निघतात:

१. लॅपटॉप १.५ व्होल्टचा आणि पट्टी डीडीआर३एल: साधारणपणे चालते.

२. लॅपटॉपला दोन्ही चालतात आणि तुम्ही एकेक पट्टी लावली: पट्टीवरची छोटी चिप लॅपटॉपला आपली माहिती सांगते. सगळ्या स्लॉटना व्होल्टेज एकच मिळतं, त्यामुळे दोन्ही पट्ट्या १.५ वर चालतात. काम होतं, पण वीज वाचवण्याचा फायदा गेला.

३. लॅपटॉप फक्त १.३५ व्होल्टचा आणि पट्टी साधी डीडीआर३: इथेच स्क्रीन काळी राहते, किंवा मशीन मध्येच अडकतं. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरचे अनेक लॅपटॉप असे आहेत.

सहाव्या पिढीच्या प्रोसेसरवर डीडीआर३ घराण्यातली रॅम लावायची, तर इंटेलने डीडीआर३एलच सांगितली आहे. काही मदरबोर्डवर व्होल्टेज वाढवून साधी डीडीआर३ चालवता येते. पण तो जादा भार प्रोसेसरच्या आतल्या मेमरी कंट्रोलरवर पडतो. रॅमचे चार पैसे वाचवायला जाऊन प्रोसेसरच पणाला लावण्यासारखं आहे हे!

मग ओळखायचं कसं?

पट्टीवरचं लेबल वाचा. 'पीसी३' या अक्षरांनंतर लगेच 'एल' असेल तर ती १.३५ व्होल्टची. 'एल' नसेल आणि थेट डॅश असेल तर १.५ ची. बऱ्याच लेबलांवर व्होल्टेजचा आकडाही छापलेला असतो. पट्टी मागवण्याआधी लॅपटॉपमधली जुनी पट्टी काढून तिचं लेबल बघा आणि कंपनीच्या वेबसाइटवर आपल्या मॉडेलला कोणती रॅम चालते तेही तपासा. पट्टी काढण्याआधी चार्जर आणि शक्य असेल तर बॅटरीही काढून ठेवायला विसरू नका.

तुमच्या मित्रमंडळींत कुणी जुन्या लॅपटॉपची रॅम वाढवायच्या विचारात असेल, तर पैसे भरण्याआधी त्यांना हे नक्की पाठवा!