फुंकणी, कुकर आणि मिशेलची ऑडी

वडापच्या जीपच्या मागे 'टर्बो' असं मोठ्या अक्षरांत रंगवलेलं तुम्ही कितीदा तरी वाचलं असेल. टर्बो म्हणजे जोरात पळणारं काहीतरी, एवढं आपण धरून चालतो. गाडीचा, इंजिनाचा विषय निघाला की घरातली पुरुषमंडळी बोलतात आणि आपण चहा ठेवायला उठतो. पण मैत्रिणींनो, टर्बो ही चीज आपल्याइतकी पटकन कुणालाच कळणार नाही. कारण चुलीपुढे बसून फुंकणी आपणच फुंकली आहे!

लाकडं तेवढीच, पण फुंकणीने हवा घातली की जाळ भडकतो. इंजिनातही तेच. पेट्रोल जळायला हवा लागते. जास्त हवा आत कोंबली तर जास्त पेट्रोल जाळता येतं आणि इंजिन मोठं न करता ताकद वाढते. गंमत म्हणजे ही फुंकणी फुंकायला वेगळं कुणी लागत नाही. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या झोतावर एक छोटं पंख्यासारखं चाक फिरतं. त्याच दांड्यावर दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबतं. वाया जाणाऱ्या धुरावर चालणारी फुंकणी, बस्स.

आता तुम्ही म्हणाल, मग जुन्या टर्बो गाडीची ताकद वाढवायची तर अजून जोरात फुंकायचं, झालं! इथेच तर भल्याभल्यांची इंजिनं फुटली आहेत.

सायकलमध्ये हवा भरताना पंप कसा गरम होतो, आठवतंय? हवा दाबली की तापते. अशी तापलेली हवा इंजिनात गेली, की पेट्रोल ठिणगीपासून शिस्तीत जळत जाण्याऐवजी भलत्याच कोपऱ्यात आपलं आपण भडकतं. मेकॅनिक याला 'नॉकिंग' म्हणतात. पिस्टनवर आतून हातोडी मारल्यासारखं. ते चालू राहिलं तर पिस्टन वितळून त्याला भोकसुद्धा पडतं. शिवाय इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामध्ये एक गॅस्केट असतं, कुकरच्या रिंगसारखं. दाब फार झाला की आधी ते जातं. टर्बोला एक झडपही असते, ठरावीक दाबानंतर धूर बाजूने सोडून देणारी. ही आपल्या कुकरची शिट्टी समजा. ताकद वाढवायची घाई झालेले लोक काय करतात, तर ही झडप उशिरा उघडेल अशी करतात. शिट्टीवर वरवंटा ठेवून डाळ लवकर शिजवण्यातला प्रकार!

हे नीट कसं करायचं, ते एका खऱ्या गाडीवरून बघू. ऑडी क्वाट्रो. (ऑडी म्हणजे तीच, जिच्या गाड्यांची जुळणी आता आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला होते.) ही गाडी मार्च १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली. पाच सिलिंडर, २१४४ सीसी, टर्बो, २०० अश्वशक्ती आणि चारही चाकांना जोर. आपल्या मारुती ८०० ची ताकद होती जेमतेम चाळीस, यावरून अंदाज करा. दाबलेली हवा इंजिनात जाण्याआधी गार करायला यात एक जाळी होती, इंटरकूलर नावाची. रॅलीच्या शर्यतींसाठी याच इंजिनातून तीनशेच्या घरात ताकद काढली गेली.

आणि ती गाडी कुणाच्या हातात होती? मिशेल मुतॉंच्या. जन्म १९५१, अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या ग्रास या फ्रान्समधल्या गावाजवळचा. शेजारी बसून वळणं वाचून दाखवणारी फाब्रिझिया पोन्स, इटलीची. ऑक्टोबर १९८१ मध्ये या दोघींनी इटलीतली सान रेमो रॅली जिंकली. जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धेतली फेरी बाईने चालक म्हणून जिंकण्याची ही पहिलीच वेळ. त्यानंतर आजपर्यंत मिशेलशिवाय दुसऱ्या कुणा बाईला ते जमलेलं नाही.

१९८२ साली तिने पोर्तुगाल, ग्रीस, ब्राझील अशा तीन फेऱ्या जिंकल्या. जगज्जेतेपद हाताशी आलं होतं. आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टच्या रॅलीच्या तोंडावर तिचे वडील गेल्याची बातमी आली. तरी ती उतरली आणि तासाभराहून जास्त आघाडी घेतली. इंजिन उत्तम चाललं होतं. दगा दिला गिअरबॉक्सने! तो बदलण्यात वेळ गेला, आघाडी विरघळली आणि पुढे गाडी उलटून सगळंच संपलं. विजेतेपद वॉल्टर रोर्लला मिळालं. त्याच्या ओपेलला टर्बो नव्हता, चारही चाकांना जोरही नव्हता. ऑडीला कंपन्यांमधलं अजिंक्यपद मिळालं, मिशेल दुसरी आली. इंजिनाची ताकद वाढली की तो भार पुढे क्लच, गिअरबॉक्स, दांडे सगळ्यांवर जातो, हे पुस्तकात वाचायला सोपं आहे. तिने ते किती महागात अनुभवलं!

पुढचं इंजिन ऑडीने जवळजवळ नव्याने बांधलं. १९८४ ची स्पोर्ट क्वाट्रो. प्रत्येक सिलिंडरला दोनऐवजी चार झडपा, म्हणजे एकूण वीस. इंजिनाने नुसती हवा घेऊन चालत नाही, ती सोडताही आली पाहिजे ना. लोखंडी ब्लॉकच्या जागी हलका ॲल्युमिनियमचा ब्लॉक आला. आणि सगळ्यात मजेची गोष्ट : ताकद वाढवताना इंजिन किंचित लहान केलं! नियम असा, की टर्बो असेल तर सीसीला १.४ ने गुणायचं. २१४४ चे होतात ३००१ च्या वर, म्हणजे गाडी मोठ्या गटात आणि तिथे किमान वजनही जास्त. म्हणून सिलिंडरचा व्यास ७९.५ ऐवजी ७९.३ मिलिमीटर केला. २१३३ सीसी, गुणून २९८६. जेमतेम ०.२ मिलिमीटरची काटछाट! रस्त्यावर विकायच्या गाडीलाच ३०६ अश्वशक्ती मिळाली, रॅलीसाठी त्याहून खूप जास्त.

या छोट्या क्वाट्रोतून मिशेल १९८५ मध्ये अमेरिकेत पाइक्स पीकची शर्यत धावली. वीस किलोमीटर, १५६ वळणं, शेवट ४३०० मीटरवर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर! तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. साधं इंजिन धापा टाकतं, पण फुंकणीवाल्याचं तितकं अडत नाही. रस्ता तेव्हा कच्चा, कडेला दरी. ११ मिनिटं २५.३९ सेकंदांत ती वर पोचली. ती सगळ्यांत पहिली आली आणि नवा विक्रमही झाला. तिथे एकूण शर्यत जिंकणारी ती पहिली बाई.

चाळीस वर्षांपूर्वीच्या अशा टर्बो गाड्या हौसेने बांधणारे लोक आज युरोप-अमेरिकेत आहेत. जाणकार माणूस मोठा टर्बो सगळ्यात शेवटी बसवतो. आधी जुनं इंजिन पूर्ण उघडून मापं घ्यायची. मग ओतीव पिस्टनच्या जागी ठोकून घडवलेले पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड, चांगलं गॅस्केट, मोठा इंटरकूलर. हवा वाढली की पेट्रोलही वाढायला हवं, म्हणून मोठे इंजेक्टर आणि पंप. मग क्लच आणि ब्रेक. पैसा सगळा या न दिसणाऱ्या गोष्टींत जातो, आणि गाडी मात्र बाहेरून होती तशीच. स्वयंपाकघरात नवं प्लंबिंग करून घेतलेल्या बाईला हे दुःख नवीन नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांनाही टर्बो असतो. दीर किंवा भाचा "मस्त रीमॅप करून देतो, पिकअप बघ" म्हणाला, तर हेड कधी उघडलं होतं, क्लच किती जुना आहे, एवढं जरूर विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, हेही कानावर घाला. घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद न करता मिनिटभर तशीच चालू ठेवायला सांगा. टर्बोचा दांडा फार गरम असतो, त्याला तेवढा वेळ तेल मिळावं लागतं. आणि ऑइल वेळच्या वेळी बदललंय का, ते बिल मागून बघा.