मुंबई दोन मिलिसेकंदांवर, माजघर मात्र लांबच!

काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो. समुद्राखालून येणाऱ्या केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात आणि तिथून धाराशिव धरा चारशे-साडेचारशे किलोमीटर. म्हणजे मुंबईहून निघालेला प्रकाशाचा ठिपका दोन-सव्वादोन मिलिसेकंदांत आपल्या जिल्ह्यात हजर! पापणी एकदा लवायला शंभराहून जास्त मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात या पठ्ठ्याच्या चाळीसेक खेपा होतात. आणि हाच ठिपका ढाळजेतल्या राउटरपाशी आला की अडखळतो. माजघर पुढं वीस-पंचवीस फुटांवर, पण तिथं फोनच्या पडद्यावर गोल फिरतंय ते फिरतंयच.

नेट चालेना की आपण आधी कंपनीला बोल लावतो. कधी तो रास्तही असतो. पण नातेवाइकांच्या, शेजाऱ्यांच्या घरी राउटर हलवून हलवून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. बहुतेक वेळा दुखणं त्या शेवटच्या तीस फुटांत असतं, आणि ते तीस फूट आपल्या हातातले आहेत.

दिवळीतला दिवा

आत्याचं घर तुळजापूर तालुक्यात. जुना वाडा, वर माळवद, दगड-मातीच्या भिंती दीड-दोन हात जाड. भिंतीची जाडी काय असते हे आपल्या भागाला वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसरात अशीच जड घरं कोसळली आणि हजारो माणसं गेली. नंतर पुनर्वसनात उभी राहिली ती घरं बुटकी आणि पातळ भिंतींची. त्या घरांत वायफायची लहर बऱ्यापैकी सगळीकडं फिरते. जुन्या वाड्यात मात्र एकाच भिंतीत तिचा दम निघतो.

आत्याकडं राउटर ठेवला होता ढाळजेच्या भिंतीतल्या दिवळीत. जागा तयार होती, प्लग जवळ होता, दिसायलाही छान. मी फोन घेऊन घरभर फिरत होतो, तेव्हा आत्या म्हणाली, ‘लेकरा, दिवळीत दिवा ठिवला तर उजेड एकाच अंगाला पडतो बघ. घरभर उजेड पाहिजे असला तर कंदील मधी टांगावा लागतो.’ एवढ्या सोप्या भाषेत रेडिओ लहरींचं शास्त्र मी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही! राउटर चौकाच्या कडेच्या लाकडी खांबावर, डोक्याच्या वर टांगला. चौक उघडा, माजघराचं दार चौकात उघडणारं आणि तेही लाकडाचं. लाकडातून लहर आरामात जाते. त्याच संध्याकाळी माजघरात बसून आत्याने पुण्यातल्या नातीला व्हिडिओ कॉल लावला आणि चुलीवरची भाकरी फुगलेली दाखवली. खर्च झाला एका खिळ्याचा आणि लांब वायरीचा.

राउटर जमिनीवर, टीव्हीच्या मागं किंवा कपाटात कोंबलेला असेल तर नवीन घ्यायच्या आधी त्याला तिथून बाहेर काढा. बाजारातला कुठलाही महाग राउटर कोंडलेल्या जागेवर मात करत नाही.

अर्धी वीत आणि तीन बोटं

वायफायच्या लहरी हाताने मोजता येतात! २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटर लांब, म्हणजे साधारण अर्धी वीत. ५ गिगाहर्ट्झची सहा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे तीन बोटं. अर्ध्या वितीची लहर भिंती ओलांडून लांब जाते, पण तिच्या वाटेवर गर्दी फार. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे त्याच पट्ट्यात. तीन बोटांची लहर सुसाट धावते, पण जाड भिंतीपुढं गळपटते. म्हणून नियम सोपा. राउटरच्या खोलीत असाल तर ५ चं नेट पकडा, लांब असाल तर २.४ चं.

आणि या लहरींचे आपल्याकडचे वैरी कोण? उन्हाळ्यात पहिला नंबर पत्र्याच्या कूलरचा. बाहेरून पत्रा, आत पाणी. पत्रा लहर परतवतो, पाणी ती पिऊन टाकतं, म्हणजे दोन्ही वैरी एकाच खोक्यात. राउटर खिडकीत आणि खिडकीला कूलर, अशी जोडी एप्रिल-मेमध्ये कितीतरी घरांत दिसते. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून भरून ठेवलेले बॅरल हे दुसरे. मग लोखंडी कपाट, मोठा आरसा, आणि स्वयंपाकघरातली ती लखलखीत मांडणी. स्टीलच्या ताटांची रांग लहरीला आरशासारखी परत पाठवते. भिंतीपलीकडं मांडणी असेल तर राउटर दोन हात सरकवून बघा.

माणूस हाही निम्म्याहून जास्त पाणीच. लग्नाच्या हॉलमध्ये वऱ्हाड भरलं की नेट मंदावतं त्याचं एक कारण गर्दीचे फोन आणि दुसरं कारण गर्दीची अंगं!

मेदूवडा आणि एक नौदल अधिकारी

राउटरच्या अँटेनाच्या टोकातून कारंज्यासारखी लहर निघते असं वाटतं ना? उलट आहे. टोकाच्या दिशेला ती सगळ्यात कमी असते. अँटेना ही काठी समजा आणि तिच्यात एक भला मोठा मेदूवडा ओवलेला आहे असं समजा. लहर पसरते ती त्या वड्याच्या आकारात, आजूबाजूला. अँटेना उभी तर वडा आडवा, म्हणजे एकाच मजल्यावर सगळीकडं नेट. वरच्या मजल्यावर पाहिजे असेल तर दोनपैकी एक अँटेना आडवी करा, वडा उभा राहील. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि अँटेना दोन-चार का असतात? शोभेसाठी नक्कीच नाहीत. एकाच पट्ट्यात, एकाच वेळी, वेगवेगळ्या अँटेनांतून वेगवेगळा मजकूर पाठवायचा आणि पलीकडं तो गणिताने सुटा करायचा, ही कल्पना मांडणाऱ्यांत आघाडीवर होते आरोग्यस्वामी पॉलराज. जन्म तमिळनाडूतल्या पोल्लाचीचा, पण घडले आपल्या महाराष्ट्रात. खडकवासल्याची एनडीए, मग लोणावळ्याचं नौदलाचं अभियांत्रिकी महाविद्यालय. भारतीय नौदलासाठी त्यांनी पाणबुड्या हेरणारं सोनार बनवलं आणि नंतर अमेरिकेत स्टॅनफर्डला जाऊन १९९० च्या दशकात या बहु-अँटेना तंत्राचं पेटंट मिळवलं. तंत्राचं नाव मायमो. आज घरातल्या राउटरपासून ४जी-५जीच्या टॉवरपर्यंत ते सगळीकडं आहे. २०१० मध्ये पद्मभूषण, २०१४ मध्ये मार्कोनी पारितोषिक. आपल्या शाळांतल्या फळ्यांवर हे नाव अजून फारसं दिसत नाही, ते दिसावं असं मला मनापासून वाटतं.

वायफायचं दुसरं नातं थेट आकाशाशी. जॉन ओ’सलिव्हन हे ऑस्ट्रेलियन रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ १९७० च्या दशकात फुटणाऱ्या छोट्या कृष्णविवरांचे संकेत शोधत होते. ते सापडले नाहीत. पण विस्कटलेला, अंधूक संकेत गणिताने निवडून घ्यायची त्या शोधात तयार झालेली हातोटी पुढं कामी आली. घरात लहर भिंतींवर, कपाटावर, मांडणीवर आपटते आणि तिचे दहा पडसाद मागंपुढं पोचतात. त्या गोंधळातून मूळ आवाज वेगळा काढायची युक्ती त्यांच्या चमूने ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेत बसवली आणि १९९० च्या दशकात तिचं पेटंट घेतलं. याच विद्येचं आपलं पीठ नारायणगावजवळ खोडदला आहे. जीएमआरटीच्या ३० तबकड्या, प्रत्येक ४५ मीटर व्यासाची. सहल काढायची असेल तर पोरांना तिथं जरूर न्या.

झटपट काही

वायफाय हे कशाचंच लघुरूप नाही. १९९९ मध्ये एका नामकरण करणाऱ्या कंपनीकडून ते घडवून घेतलं, कारण ‘आयईईई ८०२.११बी’ हे नाव कुणाच्या तोंडी बसेना.

वायफायला मराठीत नाव देता येतं! जागा ३२ बाइटची आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी ३ बाइट खाते. ‘तुळजाभवानी’ बरोबर ३० बाइटमध्ये बसतं. ‘धाराशिव’ला २१ पुरतात. ‘आई राजा उदो उदो’ मात्र ३९ होतात, तेव्हा नुसतं ‘उदो उदो’ ठेवा.

१०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला आणि फाइल सेकंदाला १२ एमबीनेच उतरतेय म्हणून भांडू नका. प्लॅन मोजतात बिटमध्ये, फाइल बाइटमध्ये, आणि ८ बिटचा १ बाइट.

भारतात सर्वांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. आजच्या फोनमधला ५ एमबीचा एक फोटो त्या वेगाने यायला तासाहून जास्त लागला असता. २००४ मध्ये २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हणत. २०२३ पासून किमान २ एमबीपीएस लागतात.

रेंजच्या दांड्या फुल आणि नेट गायब? राउटर मोठ्याने बोलतो, फोनचा आवाज त्याच्यापेक्षा बारीक. फोनला राउटर ऐकू येतो, राउटरला फोन ऐकू येत नाही.

राउटर घेताना

आता खिशाचा विषय. सगळं हलवून झालं, तरी भागलं नाही, तर नवा राउटर घ्यावा. पण डब्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. मागं वळवून पाहा, वायरीचे पोर्ट गिगाबिट आहेत का? बऱ्याच जुन्या राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात, मग तुम्ही ३०० चा प्लॅन घेऊन महिन्याला जास्तीचे पैसे भरा, दारातून शंभरच आत येणार. दोन्ही पट्टे हवेत, २.४ आणि ५. आणि घरात दहा-बारा फोन, टीव्ही, कॅमेरे असतील तर वायफाय ६ घ्या. त्याची खुबी वेगापेक्षा वाटपात आहे. जुना राउटर एका वेळी एकाच घरचा माल घेऊन निघणाऱ्या टेम्पोसारखा. वायफाय ६ एकाच टेम्पोत चार घरचं सामान भरतो.

रिपीटर स्वस्त मिळतो, पण साधा रिपीटर एकाच तोंडाने ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. आत्याच्या वाड्यासारख्या जाड भिंतींच्या घराला माझा सल्ला एकच. लॅनची तांब्याची वायर ओढा आणि दुसऱ्या टोकाला दुसरा राउटर लावा. ही वायर १०० मीटरपर्यंत पूर्ण वेग नेते. वाडा सोडा, शेजारच्या जनावरांच्या गोठ्यापर्यंत नेट जाईल.

केसाहून बारीक

घरात येणाऱ्या फायबरची खरी वाट, म्हणजे तिच्यातला काचेचा गाभा, ९ मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. एवढी बारीक वाट तुटली की लिंबाच्या सावलीत, मोटारसायकलच्या सीटवर छोटं यंत्र ठेवून फायबरवाला पोरगा दोन टोकं विजेच्या ठिणगीने वितळवून जोडतो. एकदा जवळ उभं राहून बघा. टोक स्पिरिटने पुसताना तो श्वाससुद्धा धरून ठेवतो. म्हणून घरात टीव्हीमागं फायबर दुमडून खिळ्यात अडकवू नका, वळण कडक झालं की तिथं प्रकाश सांडतो. डब्यावर लाल दिवा लागला म्हणजे प्रकाशच पोचत नाही, मग राउटर कितीही बंद-चालू करा, काही उपयोग नाही.

बाहेर तोडणारे बरेच. रस्त्याच्या कामावरचा जेसीबी तर ओळखीचाच. पण २०११ मध्ये जॉर्जियात ७५ वर्षांच्या एका आजीने तांबं शोधायला फावडं मारलं आणि शेजारचा जवळजवळ अख्खा आर्मेनिया देश काही तास ऑफलाइन झाला. २०१५ मध्ये वाराणसीच्या घाटांवर माकडांनी फायबर खाल्ली. आणि वेल्समधल्या अबरहोसन गावात दीड वर्ष रोज सकाळी ७ वाजता नेट जायचं. २०२० मध्ये कारण सापडलं. एका घरातला जुना टीव्ही! तो चालू झाला की विजेचा गोंगाट तांब्याच्या तारांत शिरायचा. काचेच्या फायबरला असल्या गोंगाटाचं काहीच वाटत नाही.

फायबरची आणखी एक खासियत आपल्या कामाची. एक्स्चेंजपासून घरापर्यंतच्या वाटेत प्रकाश वाटणाऱ्या डब्यांना वीज लागतच नाही. म्हणजे गावची लाईट गेली तरी प्रकाश आपल्या दारापर्यंत येतच असतो, बंद पडतात ते आपले दोन डबे. ते दोन्ही मिळून वीस-एक वॉटही खात नाहीत. त्यांच्यापुरता १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, फक्त घेताना दोन्ही ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या.

आत्याकडं तो खांबाशेजारी लावला आहे. गेल्या जुलैत पीक विमा भरायच्या गर्दीत संध्याकाळी लाईट गेली, गल्लीत अंधार झाला. चौकातल्या खांबावर चार हिरवे ठिपके तेवढे चालू. थोड्या वेळात शेजारची दोन पोरं सातबारा आणि बँकेचं पासबुक घेऊन ओट्यावर येऊन बसली. आत्याने त्यांना पासवर्ड सांगितला आणि आत चहा ठेवायला गेली.