तेरची मडकी, सास्तूरच्या भिंती

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय आहे. सातवाहनकाळातली भांडी, मणी, मृण्मूर्ती, हस्तिदंतावरचं कोरीवकाम असं बरंच काही तिथे बघायला मिळतं. तेव्हाचं हे तगर म्हणजे रोमशी व्यापार करणारी पेठ. ही भांडी घडवणाऱ्यांसाठी रोज कुणीतरी दळण दळलं असेल, पाणी भरलं असेल, भाकऱ्या थापल्या असतील. त्यातलं काहीही कपाटात नाही, आणि असणारही नाही.

नेमका हाच फरक हॅना आरेंटच्या विचाराच्या मुळाशी आहे. १९०६ साली जर्मनीत जन्मलेली ही ज्यू विदुषी नाझींच्या तावडीतून निसटून पुढे अमेरिकेत स्थायिक झाली. १९५८ च्या ‘द ह्यूमन कंडिशन’ या ग्रंथात तिने माणसाच्या धडपडीचे तीन प्रकार मांडले. पोटासाठी रोज करावे लागणारे आणि रोज संपून जाणारे ते श्रम. आपल्यामागे टिकणारी वस्तू घडवते ती निर्मिती. आणि चारचौघांत उभं राहून बोलणं, इतरांना सोबत घेऊन काही नवं सुरू करणं, ही कृती. राजकारण तिच्या लेखी या तिसऱ्यातच येतं. आधुनिक समाजात मात्र सगळ्याच कामांना पोटापाण्याच्या मापाने मोजलं जातं आणि कृतीची जागा आक्रसत जाते, ही तिची तक्रार होती.

तक्रार खोटी नाही. दर हंगामात भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतल्या ऊसतोड टोळ्या मुकादमाची उचल घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे हिशेबात बाई वेगळी धरलेलीच नाही. ऐन हंगामात ग्रामसभा भरली तर ही माणसं उसाच्या फडात. बोलण्याची जागा गावात आणि पोट परमुलखात, असा हा पेच आहे.

पण आरेंट एक पाऊल पुढे जाते आणि तिथे माझी तिच्याशी गाठ सुटते. १९६३ च्या ‘ऑन रिव्होल्यूशन’मध्ये ती म्हणते की फ्रेंच क्रांतीत भुकेची गरज राजकारणात शिरली आणि स्वातंत्र्याचा प्रश्न मागे पडला. मराठवाड्याचा अनुभव वेगळं सांगतो. १९७२ च्या दुष्काळात बायाबापड्या खडी फोडायला, पाझर तलावांवर माती टाकायला गेल्या. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून पुढे आलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि १९७९ पासून अमलात आला. काम मागणं हा हक्क ठरला. हक्क मागायचा तर घोळक्याने कचेरीत जावं लागतं, नाव सांगावं लागतं, नाही म्हटलं तर भांडावं लागतं. इथे भूकच माणसांना चारचौघांत घेऊन आली.

याहून ठळक उदाहरण ३० सप्टेंबर १९९३ नंतरचं आहे. त्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिवच्या सीमेवर भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत सुमारे आठ हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर जड माळवद असलेली घरं झोपेतल्या माणसांवर कोसळली. पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झालं. बावन्न गावं नव्या जागी हलवली गेली. आखीव रस्ते, ओळीने घरं, पण गोठा कुठे बांधायचा, कडबा कुठे रचायचा हे कुणी विचारलं नव्हतं. आरेंटच्या भाषेत ही निर्मिती होती. कृती नव्हे.

जिथे गाव हललं नाही तिथे घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती, आणि तेही घरमालकांनी स्वतः. या कामात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद सहायक उभ्या केल्या. अनुदानाचा हप्ता कधी, भिंतीत आरपार जाणारे दगड कशासाठी, वरचा काँक्रीटचा पट्टा किती जाड, हे त्या बायका घरोघरी सांगू लागल्या. आधी अभियंत्याला प्रश्न विचारणं आलं, मग त्याला अडवणं. भिंत सारवणाऱ्या हातांना भिंतीबद्दल बोलायचा अधिकार मिळाला, तो भिंतीमुळेच. २००१ मध्ये भुज हादरलं तेव्हा इथल्या बायका अनुभव सांगायला गुजरातेत पोचल्या. सुरू केलेली कृती कुठवर जाईल हे आधी कळत नाही, हे आरेंटचं म्हणणं इथे तिच्याच बाजूने उभं राहतं.

तेरचे कुंभार संत गोरोबाकाका यांची कथा इथे आठवल्यावाचून राहत नाही. त्यांनी संतांची डोकी पारखली ती मडकी घडवायच्या थापटण्याने. कुंभार संतसभेत आला तो आपलं हत्यार घरी ठेवून नव्हे.

पुढे ‘स्वयं शिक्षण प्रयोग’नेच दुष्काळी भागात एक एकराचं शेत बाईच्या हाती द्यायचा आग्रह धरला. घरच्या जमिनीतला एकच एकर, त्यात ऊस-सोयाबीनऐवजी घरात शिजेल ते धान्य, डाळी, भाजीपाला. २०१६ साली संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. सातबारा मात्र बहुधा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर असतो. त्यामुळे त्या एकरावर काय पेरायचं हा पहिला वाद ग्रामसभेत होत नाही, चुलीपुढेच होतो, आणि आरेंटने घराचा उंबरा राजकारणाच्या बाहेर आखला होता. धाराशिवच्या बायकांना तो उंबरा परवडणारा नाही.