काठमांडूचा एक दिवस लुंबिनीच्या शिवाराला द्या

परदेश म्हटले की डोळ्यांसमोर शहरच येते. उंच इमारती, झगमगते बाजार आणि फोटो काढण्यासाठी एखादे प्रसिद्ध ठिकाण. सहली काढणारे एजंटही तेच विकतात. पण स्वतःच्या अनुभवावरून आम्ही वाचक बंधू-भगिनींना एक विनंती करणार आहोत. परदेशातील मोठ्या शहराची सहल ठरवाल, तेव्हा तिथला एक दिवस कापा आणि तो जवळच्या खेड्याला द्या. विशेषतः घरातील वडीलधारी माणसे बरोबर असतील तर हे नक्की करा.

आपल्यासारख्या नोकरदार आणि मजूर कुटुंबांना परवडणारा पहिला परदेश म्हणजे नेपाळ. आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही. सीमेजवळच्या गोरखपूरपर्यंत रेल्वेने जाता येते आणि पुढे मोडक्यातोडक्या हिंदीवर निभावते. शिवाय काठमांडूचे नाव आपल्या घरात ओळखीचे आहे. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर महिना-सव्वा महिन्याने, म्हणजे नोव्हेंबर १९५६ मध्ये, बाबासाहेब तिथल्या चौथ्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावरील त्यांचे गाजलेले भाषण तिथेच झाले. त्यामुळे काठमांडू पाहायचे हे आमच्या मनात फार दिवसांपासून होते.

दोन वर्षे भिशी भरून आमची चार कुटुंबे दिवाळीनंतर निघाली. लहानथोर मिळून अकरा माणसे. त्यात आमची आई, वय सत्तरीच्या पुढे. आईने आजवर जिल्ह्याबाहेरचा जो प्रवास केला तो ऊसतोडीसाठी. वडिलांबरोबर कोयता घेऊन, ट्रकवर संसार लादून ती कारखान्याच्या फडावर जायची. कामासाठी नव्हे, नुसते पाहण्यासाठी घर सोडण्याची तिची ही पहिलीच वेळ होती.

तीन दिवसांचे शहर

धाराशिवहून मुंबई, मुंबईहून गोरखपूर, तिथून बसने सोनौली सीमा आणि पुढे डोंगरातून काठमांडू. एजंटाने आखलेला कार्यक्रम असा होता : काठमांडूत चार रात्री. परत येताना सीमेजवळच्या भैरहवा गावी एक रात्र. सकाळी लुंबिनीत दोन तास आणि मग थेट गोरखपूरची गाडी.

काठमांडू पाहण्यासारखे आहे, यात शंका नाही. बौद्धनाथचा विशाल स्तूप पाहून मन निवते. एप्रिल २०१५ च्या भूकंपात या स्तूपाला तडे गेले होते. दुरुस्ती होऊन तो नोव्हेंबर २०१६ मध्ये पुन्हा खुला झाला. पाटणची जुनी घरे आणि लाकडी कोरीव काम पाहताना पोरे हरखून गेली. पण स्वयंभूच्या ३६५ पायऱ्यांपाशी आई खालीच बसून राहिली. बाहेर वाहनांचा धूर, आणि हॉटेलची खोली तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या रात्री आम्ही विचारले, “माय, कसं वाटलं गाव?”

ती म्हणाली, “चांगलं हाय बाबा. पण हितंबी पुण्यावानीच गर्दी हाय. कुणाशी बोलावं तर कुणाला येळ न्हाई.”

या वाक्याने आम्ही अस्वस्थ झालो. दोन वर्षे पैसा साठवून आपण आईला इथे आणले, ते तिला कोपऱ्यात बसवून ठेवण्यासाठी काय?

दोन तासांऐवजी दोन रात्री

त्याच रात्री खोलीत सर्वांची बैठक घेतली. काठमांडूतला चौथा दिवस खरेदीसाठी राखला होता. तो सोडून एक दिवस आधीच लुंबिनी गाठावी असे आम्ही सुचवले. भैरहवाची रात्र धरून लुंबिनीत दोन रात्री मिळणार होत्या. तरुण मंडळींनी कुरकुर केली. एजंट म्हणाला, “लुंबिनी दोन तासांत बघून होते, दोन रात्री काय करणार?” शेवटी खरेदी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उरकायची या बोलीवर सर्व तयार झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघून घाटरस्त्याने संध्याकाळी आम्ही लुंबिनीत पोचलो. एका विहाराच्या धर्मशाळेत उतरलो. जेवणात डाळ, भात आणि भाजी. रात्री नऊ वाजता इतकी शांतता की पोरांनाही हळू बोलावेसे वाटले.

सारा माफ करणारा राजा

सकाळी मायादेवी मंदिर आणि त्यामागचा अशोकस्तंभ पाहिला. हा स्तंभ १८९६ मध्ये पुन्हा जगाच्या नजरेस आला. सम्राट अशोक राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी इथे स्वतः आला, बुद्धांचा जन्म इथे झाला म्हणून त्याने हा शिलास्तंभ उभारला, असे त्यावर ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. त्याच लेखाच्या शेवटी लुंबिनीचा उल्लेख गाव म्हणून येतो. या गावाचा बली नावाचा कर राजाने माफ केला आणि पिकातला राजाचा हिस्सा आठव्या भागावर आणला, असे तिथे नोंदवले आहे. एरवी सहावा हिस्सा घेण्याची रीत जुन्या ग्रंथांत सांगितली जाते.

आम्ही हे आईला समजावून सांगितले. ती स्तंभाकडे बघत राहिली आणि म्हणाली, “म्हंजी राजानं गावाचा सारा माफ केला. सोनं न्हाई चढवलं.”

पेशाने कारकून असल्याने आमचे लक्षही त्या आठव्या हिश्श्यावरच होते. जन्मस्थळाचा सन्मान करताना अशोकाला तिथला शेतकरी आठवला. दुष्काळात सारामाफीची वाट पाहणाऱ्या आमच्या धाराशिव जिल्ह्यातील माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. दोन तासांच्या फेरीत हा लेख समजून घेण्याएवढी उसंतही मिळाली नसती.

दुपारी भाड्याची जीप करून पश्चिमेला पंचवीस-तीस किलोमीटरवरील तिलौराकोट पाहिले. हीच शाक्यांची कपिलवस्तू असे नेपाळातील आणि इतरही अनेक अभ्यासक मानतात. भारतातील पिप्रहवा हीच कपिलवस्तू, असे मानणारेही आहेत. तिलौराकोटला विटांच्या भिंतींचे पाये, खंदक आणि पूर्वेचा दरवाजा एवढेच शिल्लक आहे. सिद्धार्थ याच दरवाजाने घराबाहेर पडले असे सांगितले जाते. भोवती झाडी आणि शेते. तिथे आमच्याशिवाय जेमतेम पाच-सात माणसे होती.

धानाच्या खळ्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यक्रम काहीच नव्हता. आई म्हणाली, “जरा शिवारात जाऊन येऊ.” विहाराच्या पलीकडे पायवाटेने निघालो. दूर पाणथळ जागेत सारस पक्ष्यांची जोडी उभी होती. धानाची कापणी चालू होती. एका खळ्यावर चार बायका पेंढ्या झोडपत होत्या. त्यांनी आईला बघून विचारले, “अम्मा, कहाँ से आयी हो?”

त्या बायकांची भाषा अवधी-भोजपुरीच्या वळणाची आणि आईची भाषा मराठवाड्याची. पण पाच मिनिटांत आई खळ्यावर बसलेली होती. तिने हातात पेंढी घेतली आणि आपल्याकडे कडबा कसा बांधतात ते करून दाखवले. बायका हसल्या. मग आईने पहिला प्रश्न विचारला तो मजुरीचा. “हाजरी किती देतेत?” त्यांनी सांगितले. बाईला कमी आणि गड्याला जास्त हे ऐकून आई म्हणाली, “आमच्याकडंबी तसंच.” एकीचा नवरा आखाती देशात कामाला गेला होता, दुसरीचा मुलगा मलेशियात. आई म्हणाली, “आमची माणसं कोयता घेऊन जातेत, सहा-सहा महिनं.” यावर कोणी काही बोलले नाही. एकीने उठून गुळाचा खडा आणि पाणी आणून दिले.

तिथल्या हापशाने आईला फार नवल वाटले. दोन-चार दांडे मारले की पाणी. टँकरची वाट पाहून जन्म गेलेल्या बाईने तो हापसा उगाचच तीनदा चालवून पाहिला. तराईत पाणी जमिनीखाली थोड्याच खोलीवर लागते. त्या भागात पिकणारा काळानमक तांदूळही बायकांनी दाखवला. त्याचे टरफल काळे असते आणि भाताला सुवास येतो.

काठमांडूच्या तीन दिवसांत गप्प असलेली आमची आई त्या सकाळी तीन तास बोलत होती. आमच्या मुलीला आजी ऊसतोडीला जात होती हे माहीत होते. पण फडावर पहाटे तीनला उठून काय करावे लागे, हे तिने त्या परमुलखातल्या खळ्यावर पहिल्यांदा ऐकले.

जमा-खर्च

आता हिशेबाचे बोलू. गावाचा मुक्काम जोडल्याने आमचा खर्च वाढला नाही, उलट कमी झाला. हॉटेलच्या दोन रात्री वाचल्या. विहारात दिलेले दान त्यापेक्षा कमीच होते. लुंबिनी आपल्या परतीच्या वाटेवरच आहे. सोनौली सीमेपासून ती तीसेक किलोमीटरच्या आत येते. जादा लागतो तो फक्त दिवस.

जाणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवेच. केवळ आधार कार्डावर विसंबू नये. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये होतात. मोठ्या नोटांचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत, म्हणून शंभरच्या नोटा जास्त न्याव्यात. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते. गाडी चुकू नये म्हणून हे लक्षात असू द्या. हापशाचे पाणी तसेच पिऊ नये. तराईच्या काही भागांत भूजलात आर्सेनिक आढळले आहे. उन्हाळ्यात तिथे आपल्यासारखीच काहिली असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा, पण डिसेंबर-जानेवारीत दाट धुके आणि थंडी असते. लुंबिनीतील कोरियन विहारात यात्रेकरूंच्या राहण्या-जेवण्याची सोय होते. मात्र विहार म्हणजे लॉज नव्हे. तिथले नियम पाळावेत आणि दान मनापासून द्यावे.

खेड्यात जाताना आणखी एक पथ्य. विचारल्याशिवाय कोणाच्या घराचे, बायकांचे फोटो काढू नयेत. आपल्या वस्तीत येऊन कोणी न विचारता फोटो काढले तर आपल्याला कसे वाटते, ते आठवावे.

ज्यांना डोंगरातले गाव पाहायचे असेल त्यांच्यासाठी पोखऱ्याच्या बाजूला स्यांजा जिल्ह्यात सिरुबारी आहे. गुरुंग समाजाच्या या गावाने १९९७ पासून पाहुण्यांना आपल्या घरात ठेवायला सुरुवात केली. पाहुणे कोणाच्या घरी उतरायचे हे गावची समिती ठरवते आणि घरांची पाळी लावते. त्यामुळे मिळकत एकाच घरात साठत नाही. आमच्या बचत गटांनी ही पद्धत अभ्यासण्यासारखी आहे.

आणि आपले तेर

घरी परतल्यावर शेजारणी आईला विचारू लागल्या, काठमांडू कसे आहे? ती त्यांना खळ्यावरच्या बायकांची हकीकत सांगे. एके दिवशी आम्हाला म्हणाली, “तितं गावात लई जुनं निघालंय म्हणून जगाची माणसं येतेत. आपल्या तेरलाबी निघालंय म्हणतेत. मला कधी न्हेलं न्हाईस.”

खरेच होते. तेर म्हणजे प्राचीन तगर. दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल भडोच बंदरातून परदेशी जात असे. तिथले त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्य असावे, असे अभ्यासक मानतात. गावात लामतुरे संग्रहालय आहे. धाराशिवपासून तासाभराच्या आतले अंतर, आणि आम्ही आईला परदेश दाखवला पण तेर दाखवले नव्हते.

पुढच्या रविवारी एस.टी.ने गेलो. संग्रहालयातल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या मूर्ती पाहून झाल्यावर आई बाहेर पारावर बसली. तिथे भाजी विकणाऱ्या बाईशी तिचे बोलणे सुरू झाले. आम्ही एस.टी.ची वेळ पाहिली आणि पुढच्या गाडीने जायचे ठरवले.