जुन्या सायकलींचा जीर्णोद्धार : मुलामा आणि पुरावा

चाकण म्हटलें कीं वाचकांस १६६० सालचा संग्रामदुर्गाचा वेढा आठवतो, आणि चिंचवड म्हटलें कीं देवस्थानच्या सनदा. आज भोसरीसह ह्या टापूंत मोटारी व दुचाकी गाड्यांच्या सुट्या भागांवर प्लेटिंग आणि पावडर-कोटिंग करणारे लहान कारखाने पुष्कळ आहेत. जुन्या सायकलीचे झिजलेले भाग उजळून घेण्यास संग्राहकाला ते सोयीचे पडतात, व धोका उद्भवतो तो ह्या सोयींतूनच. पुण्यांत कर्वेनगर येथें विक्रम पेंडसे यांचें सायकल-संग्रहालय २०१७ सालीं उघडलें. तेव्हां ह्या वस्तूही जपण्याजोग्या आहेत हें निराळें सांगावयास नको. कसें जपावें, एवढाच प्रश्न उरतो.

जीर्ण पत्रावरील फिकट अक्षरें कोणी नव्या शाईनें गिरवीत नाहीं. तोच विवेक येथें पाहिजे. सुमारें १९२८-३० पर्यंत सायकलींवर निकेलचाच मुलामा असे. क्रोमियमचा प्रघात त्यानंतरचा. निकेलची छटा किंचित् पिवळसर, क्रोमियमची निळसर. सबब १९१२ च्या हँडलावर क्रोमियम चढविणें म्हणजे शिवकालीन पत्रावर रबरी शिक्का उठविणें होय! उलट, दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं इंग्लंडांत धातूंवर निर्बंध आल्यामुळें हँडल, क्रँक व रिमा काळ्या रंगांतच बाहेर पडत. अशा सायकलीचा मुलामा उडाला आहे असें समजून ती चमकविणारा मनुष्य तिचा कालनिर्णयच पुसून टाकतो.

ठोकलेल्या अंकांची गोष्ट याहून नाजूक. स्टर्मी-आर्चर कंपनीच्या तीन गतींच्या हबावर पुष्कळदा सालाचा अंक असतो. ५२ म्हणजे १९५२. (हा काल हबाचा, सायकलीचा नव्हे, चाक मागाहून बदललेलें असूं शकतें. पोथी एका काळची व बांधणी दुसऱ्या काळची, हा अनुभव आपणांस आहेच.) बफ फिरला कीं अंकांच्या कडा बोथट होतात. पावडर-कोटिंगचा थर ६० ते १०० मायक्रॉन जाड बसतो व चौकटीचा क्रमांक त्याखालीं बुजतो. त्यापूर्वींच्या वाळूच्या माऱ्यानें हातानें ओढलेल्या सोनेरी रेघा तर समूळ जातात. म्हणून प्रथम रॉकेलनें हलकेंच पुसावें, शिलालेखाचा घेतात तसा अंकांचा ठसा घ्यावा, आणि मूळ रंग टिकला असेल तेथें मेणावर भागवावें.

छर्रे, कोन व कप यांची गोष्ट वेगळी. खड्डे पडलेला कोन तसाच फिरविल्यास हबही बिघडतो. तो बदलावा, मात्र काढलेला भाग चिठ्ठी बांधून ठेवावा. मुलामा पूर्ण गेला असून गंज आंत शिरला असेल तरच प्लेटिंगकडे वळावें, व मूळ निकेल असल्यास निकेलच मागावें. बैठकीच्या स्प्रिंगा देतांना एक बजावावें: आम्लांत व मुलाम्याच्या टाकींत पोलाद हायड्रोजन शोषून ठिसूळ होतें. मुलाम्यानंतर लवकरच त्या सुमारें २०० अंशांवर कांहीं तास तापवावयास हव्यात. नाहींतर बाहेरून झळाळणारी स्प्रिंग बसणाऱ्याच्या भारानें मोडते.